सायकल इंजिन संच

सायकल इंजिन संच (बोलीभाषेत इंजिन किट) म्हणजे साध्या पायडलच्या सायकलला बसवून तिचे स्वयंचलित वाहनात रूपांतर करणारा सुट्या भागांचा संच होय. त्यात लहान पेट्रोल इंजिन, कार्बोरेटर, इंधनाची टाकी, सायलेन्सर, क्लच, साखळी आणि मागील चाकावर बसवायचे दातेरी चक्र यांचा समावेश असतो. आज जगभर विकले जाणारे स्वस्त संच मुख्यतः चीनमध्ये तयार होतात. ते निरनिराळ्या व्यापारी नावांनी, पुष्कळदा निर्मात्याचा उल्लेख नसलेल्या खोक्यांतून विकले जातात.

या संचांबाबत दोन प्रश्न प्रामुख्याने चर्चिले जातात. पहिला गुणवत्तेचा, म्हणजे धातू, यंत्रकाम आणि जोडणी वापरास योग्य आहे की नाही याचा. दुसरा मागोव्याचा, म्हणजे एखादा भाग कोणी, कोठे आणि कोणत्या तुकडीत तयार केला हे नंतर शोधता येते की नाही याचा. हे दोन्ही प्रश्न परस्परांशी निगडित आहेत. निर्माता अज्ञात असल्यास सदोष तुकडी बाजारातून परत घेता येत नाही, वाहनाची नोंदणी व विमा होत नाही आणि अपघाताची आर्थिक जबाबदारी वाहनाच्या मालकावर येते.

रचना आणि कार्य

सर्वाधिक आढळणारा संच एका सिलिंडरच्या, हवेने थंड होणाऱ्या द्विआघाती (टू-स्ट्रोक) इंजिनाचा असतो. इंजिन सायकलच्या सांगाड्यातील त्रिकोणात, पायडलच्या वरच्या बाजूस पट्ट्या व बोल्टांनी आवळून बसवतात. टाकी वरच्या दांडीवर बसते. इंजिनाची शक्ती आतील दातेरी चक्रांतून आणि नंतर स्वतंत्र साखळीतून मागील चाकापर्यंत पोहोचते. पायडलची मूळ साखळी उजव्या बाजूस तशीच राहते, तर इंजिनाची साखळी डाव्या बाजूने जाते. सुरुवातीला सायकल पायडल मारून वेगात आणतात आणि मग हँडलवरील क्लचची मूठ सोडून इंजिन सुरू करतात.

इंजिनाला वेगळा तेलसाठा नसतो. पेट्रोलमध्येच टू-टी तेल मिसळावे लागते आणि त्यावरच क्रँकशाफ्टचे बेअरिंग, दट्ट्या व सिलिंडरचे वंगण अवलंबून असते. तेलाचे प्रमाण कमी पडल्यास दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकून इंजिन बंद पडते. ते जास्त झाल्यास स्पार्क प्लगवर काजळी धरते आणि धूर वाढतो. ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. क्रँकशाफ्टवरील चुंबक आणि त्याशेजारील तारेचे वेटोळे यांतून वीज निर्माण होते आणि ती सीडीआय नावाच्या डबीतून प्लगकडे जाते.

सर्वसाधारण संचात आतील चक्रांचे प्रमाण ४.१ ला १ आणि साखळीचे प्रमाण १० ला ४४ दात असे असते. म्हणजे इंजिनाच्या सुमारे १८ फेऱ्यांमागे चाकाची एक फेरी होते. २६ इंची चाकाचा परीघ सुमारे २.०७ मीटर धरल्यास मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर वेग ताशी सुमारे ३४ किलोमीटर येतो. अनेक सायकली या वेगाचा आणि कंपनांचा विचार करून बनवलेल्या नसतात.

इतिहास

सायकलला इंजिन जोडण्याची कल्पना किमान विसाव्या शतकाच्या आरंभाइतकी जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त वाहतुकीची गरज वाढली आणि हा प्रकार लोकप्रिय झाला. इटलीत १९४५ मध्ये तुरीनच्या सियाता कंपनीने ‘कुच्चोलो’ हे ४८ सीसीचे चार-आघाती इंजिन आणले. पुढे त्याचे उत्पादन डुकाटी कंपनीने केले. फ्रान्समध्ये १९४६ पासून ‘व्हेलोसोलेक्स’ विकली जाऊ लागली. जपानमध्ये सोइचिरो होंडा यांनी १९४६ मध्ये सैन्याच्या वायरलेस संचांसाठी बनवलेली शिल्लक जनित्र-इंजिने सायकलींना बसवून विकली. ब्रिटनमध्ये १९५० मध्ये मागील चाकातच इंजिन असलेला ‘सायकलमास्टर’ बाजारात आला. या उत्पादनांवर निर्मात्याचे नाव असे, त्यांची माहितीपुस्तके व सुटे भाग ठरलेल्या विक्रेत्यांकडे मिळत.

सोव्हिएत संघात सायकलींसाठी ४५ सीसीच्या ‘डी’ मालिकेतील द्विआघाती इंजिनांचे दीर्घकाळ उत्पादन झाले. आजच्या चिनी संचांच्या रचनेत आणि या मालिकेत ठळक साम्य दिसते. मात्र चिनी संचांची रचना कोणा एका कंपनीच्या मालकीची राहिलेली नाही. अनेक लहान कारखाने तीच रचना थोड्याफार फरकाने बनवतात.

भारतात सायकल आणि मोटारसायकल यांच्यामधली गरज मोपेडने भागवली. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीची ५० सीसीची ‘लुना’ १९७२ मध्ये आली आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण व निमशहरी भागांत घरोघरी परिचित झाली. लुनालाही पायडल होते. तथापि ती कारखान्यात पूर्ण तयार झालेली, सांगाडा क्रमांक व इंजिन क्रमांक असलेली, नोंदणी होणारी गाडी होती.

गुणवत्तेचे प्रश्न

यंत्रकाम व धातू

स्वस्त संचांतील दोष बहुधा मूळ रचनेपेक्षा यंत्रकामातील ढिलाईतून येतात. ओतकामात राहिलेल्या सूक्ष्म छिद्रांमुळे कवचातून हवा झिरपते आणि मिश्रण पातळ होऊन सिलिंडर तापतो. सिलिंडरच्या आतील द्वारांच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या नसल्यास दट्ट्याच्या रिंगा त्यांना अडकतात. दट्ट्याच्या खिळीचे बेअरिंग सैल बसल्यास खडखड सुरू होते आणि सुटलेल्या सुया क्रँकच्या कवचात पडू शकतात. जोडणीचे बोल्ट व स्टड मऊ पोलादाचे असल्यास आवळतानाच किंवा कंपनांमुळे तुटतात. त्यामुळे अनेक जोडणी करणारे खोक्यातले बोल्ट बाजूला ठेवून स्थानिक हार्डवेअरच्या दुकानातील अधिक मजबूत बोल्ट वापरतात.

सुट्या भागांची अदलाबदल हाही एक प्रश्न आहे. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या दोन संचांत स्टडची जाडी ६ किंवा ८ मिलिमीटर असू शकते. गॅस्केटची छिद्रे सिलिंडरच्या द्वारांशी जुळत नाहीत. परिणामी एक भाग बिघडल्यास तोच भाग पुन्हा मिळेल याची खात्री राहत नाही.

चाक, साखळी आणि सांगाडा

मागील दातेरी चक्र बहुतेक संचांत रबरी चकत्यांच्या मध्ये आरे धरून नऊ बोल्टांनी आवळलेले असते. सायकलचे आरे रिम ताणून धरण्यासाठी असतात; या जोडणीत इंजिनाचा संपूर्ण जोर त्यांच्यावरच पडतो. बोल्ट असमान आवळले गेल्यास चक्र डगमगते, साखळी उडते आणि आरे तुटतात. साखळी ताणून धरणारी फिरकी मागील चिमट्याच्या नळीला पट्टीने आवळलेली असते. ही पट्टी घसरून फिरकी आऱ्यांत शिरल्यास मागील चाक एकाएकी जाम होते. संचाच्या संभाव्य बिघाडांपैकी हा सर्वांत धोकादायक मानला जातो.

ब्रेक

ताशी १५ किलोमीटरवरून वेग ३५ किलोमीटरवर गेल्यास गतिज ऊर्जा सुमारे ५.४ पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. भारतातील पारंपरिक सायकलींचे दांडीचे ब्रेक पोलादी रिमवर रबरी गट्टू दाबतात. रिम ओली झाली की त्यांची पकड मोठ्या प्रमाणात कमी होते. संच इंजिन पुरवतो, ब्रेक पुरवत नाही.

क्षमतेच्या नोंदीतील विसंगती

संचांच्या खोक्यांवर ‘८० सीसी’ असा उल्लेख वारंवार आढळतो. या इंजिनांचा सिलिंडर ४७ मिलिमीटर व्यासाचा आणि दट्ट्याची धाव ३८ मिलिमीटर असल्यास प्रत्यक्ष क्षमता सुमारे ६६ सीसी येते. ४० मिलिमीटर व्यास आणि ३८ मिलिमीटर धाव असलेले लहान इंजिन सुमारे ४८ सीसीचे असते. तेही ‘५०’ किंवा ‘४९’ म्हणून विकले जाते. भारतीय कायद्यात २५ आणि ५० सीसी या मर्यादांना निश्चित अर्थ असल्याने खोक्यावरील आकडा पुरावा म्हणून स्वीकारता येत नाही. व्यास व धाव मोजूनच क्षमता ठरते.

मागोवा

वाहन उद्योगात मागोव्याची साखळी अनेक टप्प्यांची असते: कच्च्या धातूची तुकडी, सुट्या भागावरील तुकडी क्रमांक, इंजिन क्रमांक, सांगाडा क्रमांक, विक्रीचे प्रमाणपत्र आणि मालकाची नोंद. एखाद्या तुकडीतील दट्ट्याच्या खिळी ठिसूळ निघाल्या, तर या साखळीच्या आधारे त्या तुकडीतील प्रत्येक वाहनाच्या मालकापर्यंत पोहोचता येते. मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेले कलम ११०-अ सदोष वाहने परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र शासनाला देते. हा अधिकार वापरायचा तर सदोष वाहने कोणती आणि ती कोणाकडे आहेत हे माहीत असावे लागते.

काही आयात संचांच्या कवचावर क्रमांक ठोकलेला दिसतो. परंतु तो क्रमांक ज्या नोंदवहीत तपासता येईल अशी नोंदवही उपलब्ध नसल्यास त्याचा उपयोग होत नाही. मागोवा क्रमांकामुळे सिद्ध होत नाही. क्रमांक, निर्माता आणि नोंद ही तिन्ही जुळल्यावरच तो सिद्ध होतो. अशा नोंदीच्या अभावी चोरीच्या वाहनाचा शोध, अपघातानंतरचा तपास आणि सदोष मालाची जबाबदारी या तिन्ही गोष्टी अडतात.

भारतातील कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(२८) नुसार चारपेक्षा कमी चाके असलेले आणि २५ सीसीपेक्षा अधिक क्षमता नसलेले वाहन ‘मोटार वाहन’ या व्याख्येत येत नाही. बाजारातील ४८ आणि ६६ सीसीचे संच या मर्यादेच्या बरेच वर आहेत. त्यामुळे असा संच बसवलेली सायकल सार्वजनिक रस्त्यावर आणताच ती मोटार वाहन ठरते आणि तिला पुढील अटी लागू होतात.

* नोंदणी: कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही.
* अनुज्ञप्ती: ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी किमान वय १६ वर्षे, त्यापुढे १८ वर्षे. ‘५० सीसी’ म्हणून विकलेले इंजिन प्रत्यक्षात मोठे निघाल्यास १६ वर्षांच्या चालकाची अनुज्ञप्ती निरुपयोगी ठरते.
* विमा: कलम १४६ नुसार तृतीय पक्षाचा विमा अनिवार्य आहे.
* प्रमाणन: केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२६ नुसार वाहनाच्या नमुन्याची मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी व्हावी लागते.
* क्रमांक: नियम १२२ नुसार सांगाडा क्रमांक, इंजिन क्रमांक आणि निर्मितीचा काळ वाहनावर कोरलेला असावा लागतो.

नियम १२६ मधील चाचणी संस्थांपैकी तीन महाराष्ट्रात आहेत: पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) व सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट आणि अहिल्यानगर येथील संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था. ही चाचणी निर्मात्याने किंवा आयातदाराने करून घ्यायची असते. एकटा ग्राहक आपल्या एका सायकलसाठी तो खर्च व्यवहारात उचलू शकत नाही.

घरगुती जुळणीच्या वाहनांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे ‘जुगाड’ वाहनांच्या निमित्ताने आला होता. २०१३ च्या निकालात न्यायालयाने जुगाड हे मोटार वाहनच असून त्याला अधिनियमातील तरतुदी लागू होतात असे स्पष्ट केले. वाहन कारखान्यात बनले नाही म्हणून ते कायद्याबाहेर जात नाही, असा त्याचा अर्थ होतो.

पेण आणि रोहा परिसर

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा हे तालुके या प्रश्नाचे वेगवेगळे पैलू एकत्र पाहण्यासाठी उपयुक्त ठरतात. देशातील प्रमुख कंटेनर बंदरांपैकी एक असलेले न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर याच जिल्ह्याच्या उरण तालुक्यात आहे. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या बंदरातून आयात मालाचा मोठा प्रवाह देशात येतो. सीमाशुल्क वर्गीकरणात ५० सीसीपर्यंतची वाहनांची पेट्रोल इंजिने एका उपशीर्षकाखाली, तर ५० ते २५० सीसीची दुसऱ्या उपशीर्षकाखाली येतात. सायकलचे सुटे भाग पूर्णपणे निराळ्या शीर्षकाखाली मोडतात. म्हणून क्षमतेची अचूक नोंद बंदरापासूनच महत्त्वाची ठरते.

जिल्ह्याच्या वाहन नोंदणीचा ‘एमएच-०६’ हा संकेतांक पेण येथील परिवहन कार्यालयाचा आहे आणि रोह्यातील वाहनेही त्याच संकेतांकाने नोंदली जातात. नव्या वाहनाच्या नोंदणीसाठी नमुना २० मधील अर्जासोबत विक्रेत्याचे नमुना २१ मधील विक्री प्रमाणपत्र, निर्मात्याचे नमुना २२ मधील रस्तायोग्यता प्रमाणपत्र आणि विम्याचा पुरावा लागतो. संच बसवलेल्या सायकलच्या मालकाकडे यांपैकी नमुना २० भरण्यापलीकडे काही नसते. सायकल बनवणाऱ्या कंपनीने ती इंजिनासाठी प्रमाणित केलेली नसते आणि इंजिनाचा निर्माता अज्ञात असतो. त्यामुळे नमुना २२ वर सही करणारे कोणीच उरत नाही. नोंदणी नसल्याने विमा नाही आणि वाहन क्रमांक नसल्याने प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्रही नाही, अशी ही साखळी आहे.

भूगोलाचाही या यंत्रांवर परिणाम होतो. पेणच्या पश्चिमेचा खारेपाट खाड्या आणि मिठागरांचा प्रदेश आहे. रोह्यातून वाहणाऱ्या कुंडलिका नदीत भरतीचे पाणी शहरापर्यंत येते. खारट दमट हवेत उघड्या साखळ्या, मऊ पोलादाचे बोल्ट आणि चुंबकाशेजारील तारेचे वेटोळे लवकर गंजतात. कोकणातील पावसाळ्यात कार्बोरेटर व सीडीआयच्या जोडण्यांत पाणी शिरते आणि ओल्या रिमवर ब्रेकची पकड घटते. शिवाय पेण, वडखळ व नागोठणे या भागांतून मुंबई–गोवा महामार्गाची (राष्ट्रीय महामार्ग ६६) अवजड वाहतूक जाते, तर रोह्याजवळ धाटाव येथील औद्योगिक वसाहतीमुळे टँकर व ट्रकची वर्दळ असते. अशा रस्त्यावर मागील चाक अचानक जाम झाल्यास चालकाला सावरण्यास फारशी जागा मिळत नाही.

अपघात आणि भरपाई

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६४ नुसार मोटार वाहनाच्या अपघातात मृत्यू झाल्यास ५ लाख रुपये आणि गंभीर दुखापत झाल्यास २.५ लाख रुपये भरपाई कोणाचाही दोष सिद्ध न करता मागता येते. ती वाहनाचा मालक किंवा विमा कंपनी यांनी द्यायची असते. विमा नसलेल्या वाहनाच्या बाबतीत हा भार मालकावर पडतो. काही हजार रुपयांच्या संचामुळे एखाद्या कुटुंबावर लाखो रुपयांचे दायित्व येऊ शकते. दुसरीकडे, मालकाची ऐपत नसल्यास जखमी पादचाऱ्याला निवाडा मिळूनही प्रत्यक्ष रक्कम मिळणे कठीण होते.

ग्राहकाचे हक्क

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातील कलम ८६ नुसार, विकलेल्या वस्तूचा निर्माता अज्ञात असल्यास किंवा त्याच्यावर भारतात नोटीस बजावता येत नसल्यास विक्रेत्याला सदोष उत्पादनाबद्दल जबाबदार धरता येते. निनावी आयात मालाच्या बाबतीत ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे. मात्र त्यासाठी विक्रेता कोण हे सिद्ध करणारी पावती आवश्यक असते.

वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार आयात केलेल्या आवेष्टित मालावर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश, किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क छापणे बंधनकारक आहे. ई-वाणिज्य व्यवहारांसाठी २०२० मध्ये केलेल्या नियमांतही मूळ देशाचा उल्लेख अपेक्षित आहे. खोक्यावर हा तपशील नसणे हे मागोवा तुटल्याचे पहिले चिन्ह होय. पेण व रोह्यातील ग्राहकांना अलिबाग येथील रायगड जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागता येते. ग्राहक ज्या जिल्ह्यात राहतो तेथेच तक्रार दाखल करण्याची मुभा २०१९ च्या अधिनियमाने दिली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

विद्युत संच

अलीकडे पेट्रोल इंजिनाची जागा चाकाच्या तुंब्यातील विद्युत मोटर आणि बॅटरी घेत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम २(यू) नुसार मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असलेले बॅटरीवरील वाहन, अन्य अटी व चाचणी संस्थेची मान्यता पूर्ण केल्यास, मोटार वाहन मानले जात नाही. पेट्रोलच्या संचांना अशी वाट उपलब्ध नाही. परंतु मान्यतेनंतर मोटरची शक्ती किंवा वेगमर्यादा बदलल्यास ही सवलत संपते. अशा बेकायदेशीर फेरफारांविरुद्ध महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०२२ मध्ये कारवाईचे आदेश दिले होते. आयात बॅटरीच्या बाबतीतही मागोव्याचा प्रश्न तोच राहतो. सदोष विद्युत घट कोणत्या तुकडीतले आहेत हे कळल्याशिवाय आगीचा धोका असलेल्या इतर बॅटऱ्या शोधता येत नाहीत.

हेही पाहा

* मोपेड
* लुना
* द्विआघाती इंजिन
* मोटार वाहन अधिनियम, १९८८
* ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९
* पेण
* रोहा